राजव्वा, तुजी भिंतीकडची पंगत

त्या दुपारी खानावळीत कोण कोण हुतं त्ये आदी सांगते, म्हंजी माज्या माघारी कुणी म्हणाय नको की म्हातारीनं मनानंच रचलं. मी हुते, चुलीपाशी. आमचं मालक हुतं, दाराजवळ. तू हुतीस, राजव्वा. तुज्या शेजारी पोशव्वा आन् तिच्या पलीकडं जैनब, दोगी तुज्यावानीच विड्या वळणाऱ्या. दारूच्या दुकानाचा दगडू पैलवान मागनं आला. आन् बाकावर कापडाच्या मागावरची माणसं जेवत हुती. त्यांची नावं मला ठावं हायती, पण सांगत न्हाय. त्यांनी ताटातनं मान वर केली नव्हती, आता कशाला त्यांचं नाव घ्यायचं.

ह्यातली आता मी उरले आन् त्यो दगडू उरला. बाकी समदी गेली. तू बी गेलीस, आन् गेलीस ती भांडण अर्दं टाकून. मला सही येती, त्याच्या पुढं काय येत न्हाय, म्हून मी बोलतीया आन् माजी नात लिहितीया. तिला सांगितलंय, मी बोलीन तसंच लिव्ह, साबण लावू नको.

आपली गल्ली तुला सांगाय नको. पण ह्ये दुसरं कुणी वाचील, त्याला कळाय पायजे. वेशीतनं आत वळलं की पयलं चहाचं हाटेल. मग भज्याची गाडी. मग मटणाचं शिक भाजणारा, त्याच्या धुरात त्योच दिसायचा न्हाय. मग शेंगाची चटणी कुटणारं घर. मग देशी दारूचं दुकान, आन् त्याच्या भिंतीला भिंत लावून आमची खानावळ. माग थांबला की माणसं तितं प्यायची आन् हितं जेवायची. मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी आन् माज्या माहेरची, करकंबची, बाजार आमटी. समद्या डाळी येका पातेल्यात, वर लाल तर्री. भाकरी चुरायची, आमटी वतायची, नाक पुसत खायचं. बाटली बी हितंच आणायची, दगडूच्या दुकानातनं, आन् आमटीबरोबर घोट घोट घ्यायची. रोज कुणीतरी कुणाच्या तरी अंगावर जायचं. कुणाचं डोकं फुटायचं, कुणाचा दात पडायचा. रगत सांडलं की मालक त्यावर चुलीतली राख टाकायचं, आन् राख झाडली की दुसऱ्याला ताट. पुरुषमाणसाला त्या गल्लीत उपाशी ऱ्हायची सोय नव्हती.

बाईनं कुटं खावं? तुमी विडीवाल्या दुपारच्याला कारखान्यात माल द्यायला यायच्या. पाटंपासनं पानं कापायची, तंबाकू भरायची, दोरा गुंडाळायचा, मग टोपलं डोक्यावर घेऊन यायचं, आन् तितं रांगंत हुबं ऱ्हायचं. तितला माणूस मूठभर विड्या मोडून टाकायचा, ही कच्ची, ही वाकडी. परत जाताना किल्ल्याच्या बाजूच्या भिंतीआड तुमी हुब्या हुब्या भाकरी खायच्या, तोंडावर पदर घेऊन, चोरीचा माल खाल्ल्यावानी. रस्त्यावर खाणारी बाई म्हंजी कसली बाई, असं लोक बोलायचं. आन् बोलणारं बाप्ये शिक खात बोलायचं.

तू माज्या पायरीवर बसलीस त्यो दिवस मला आठवतो. टोपलं बाजूला, डोळं आत गेल्यालं. मी भाईर येऊन काय झालं म्हून इचारलं, तू हातानं पोट दाखवलंस आन् म्हणलीस, "आकली, अक्का." तुमच्या तेलुगूतली भूक मला त्या दिवशी कळाली. मी म्हणलं, ये, मागं चुलीपाशी बस, देते. तू उठली न्हाईस.

"चुलीमागं मी घरी रोज खाते," म्हणलीस. "मला पुढं बसायचंय. बाकीच्यावानी."

राजव्वा, मला तुजा राग आला हुता. मी त्या खानावळीत लगीन होऊन आल्यापासनं भाकरी थापत हुते आन् मी सोता कदी पुढं बसून जेवले नव्हते. ही कोण टिकोजीराव? पण तुला ताट मी पुढंच दिलं. भिंतीकडच्या बाजूला पोतं अंथरलं आन् त्यावर तू बसलीस. तू मान खाली घालून, सावकाश, घास मोजून खाल्ल्यावानी जेवलीस, पाणी पिलीस आन् टोपलं उचलून गेलीस. दुसऱ्या दुपारी पोशव्वाला घेऊन आलीस. मग जैनब आली. मग हळूहळू भिंतीकडंला बायकांची पंगतच बसाय लागली. मालक कुरकुरलं. मी म्हणलं, गिऱ्हाईक हाय, बसू द्या. आन् तुमी हाय तवर बाटली आत आणायची न्हाय, ह्ये बी मीच बाकावरच्यांना सांगितलं. दुपारचं तेवढं गल्लीतलं येक घर बिनदारूचं झालं.

तितंच दगडूचं दुखलं. हितं बाटली बंद म्हंजी त्याची बाटली बंद. दोनदा तीनदा मालकाला सांगून गेला, त्या बाया उठीव. मालकानं मला सांगितलं. मी भाकरी थापत ऱ्हायले.

मग ती दुपार. त्यो आला त्यो घामानं निथळत, लुंगी वर खोचल्याली. मालकाकडं बगितलं बी न्हाय. थेट भिंतीकडं गेला.

"उठा," म्हणला. "हितं बाप्ये जेवत्यात."

तू घास गिळलास. "आमी बी जेवतोय की," म्हणलीस.

त्यानं पोशव्वाचं ताट लाथंनं उडवलं. आमटी भिंतीवर गेली. पोशव्वा लहान लेकरावानी हात डोक्यावर घेऊन वाकली. जैनबच्या झिंज्या धरून त्यानं तिला दाराकडं वढली, आन् काय काय बोलला त्ये मी नातीला लिहू देत न्हाय. तू उठलीस आन् त्याच्या मनगटाला चावलीस. खरं चावलीस, कुत्र्यावानी, दात रुतस्तवर. त्यानं जैनबला सोडलं आन् तुला धरलं. चटणीचा पाटा तितंच हुता. तुजा उजवा हात त्यानं पाट्यावर दाबला, वरवंटा उचलला आन् घातला. परत घातला. मी आयुष्यभर त्या पाट्यावर शेंगा वाटल्या, त्यो आवाज मला पाठ हाय. ह्यो तसा न्हवता. वल्ली काटकी मोडल्यावानी हुता.

तू वरडली न्हाईस. "अम्मा" म्हणलीस, हळू, झोपंत म्हणल्यावानी.

मी पातेलं उचललं. चुलीवरनं उतरलेलं, रटरटतं. दोनी हाताला चटकं बसलं त्ये मला मागनं कळालं. समदी आमटी मी त्याच्या मानंवर वतली. राजव्वा, लोक म्हणत्यात रागात काय कळत न्हाय. मला समदं कळत हुतं. कुटं वतायची त्ये बी कळत हुतं. त्यो डुकरावानी वरडत भाईर पळाला आन् गटारीत लोळला. मग मी उलथनं घेतलं आन् भाईर जाऊन गटारीतच त्याला हाणलं, हात दुखस्तवर. मालकानं मला मागनं मिठी मारून आत आणली. बाकावरच्या माणसांनी तवर हात धुतलं हुतं.

दवाखान्यातनं तुला चौकीवर नेलं. हवालदारानं इचारलं, हाताला काय झालं. मी तोंड उघडणार हुते, तू माजा पदर वढलास.

"बाक पडला," तू म्हणलीस.

त्यानं परत इचारलं, बाक?

"व्हय. बाक."

भाईर आल्यावर मी तुला शिव्या घातल्या. तू म्हणलीस की आपण त्याचं नाव घेतलं तर त्यो आमटीचं नाव घेईल, आन् आमटीला तुरुंग हाय, वरवंट्याला न्हाय, कारण त्यो पोलिसांना रोज पाजतो. माजी लेकरं लहान हुती. तू आपला हात माज्या लेकरांपायी बाकाखाली घातलास. ह्ये मी तुला तोंडावर कदी म्हणलं न्हाय. तुजं आभार कसं मानायचं त्ये मला कळालंच न्हाय, मग मी तुज्याशी भांडत ऱ्हायले.

त्यानंतर तुजी बोटं वळली न्हाईत. विडी गेली. ज्या हातानं तू घर चालवत हुतीस त्यो हात घराला टांगल्यावानी झाला. आमच्या मालकानं पंगत बंद करायचं ठरवलं. म्हणलं, त्या बायांपायी गल्लीत तोंड दाखवायची सोय ऱ्हायली न्हाय. मी म्हणलं, पंगत उठली तर चूल बी उठली समजा, तुमीच थापा.

पण खरी गोष्ट तू केलीस. हात मोडला त्याच्या दुसऱ्याच दुपारी तू आलीस. हात पांढऱ्या फडक्यात, गळ्यात अडकवल्याला. पोशव्वा न् जैनब दारात घुटमळत हुत्या. तू आत आलीस, भिंतीकडं बसलीस, आन् डाव्या हातानं जेवाय लागलीस. चार माणसांत डाव्या हातानं खाणं म्हंजी काय, ह्ये सांगाय नको. घास सांडत हुतं, आमटी कोपरापर्यंत गेली हुती. मी भरवाय आले तर तू डोळं वटारलं. मग त्या दोगी आत येऊन तुज्या दोन्ही बाजूला बसल्या. त्या दिवसापासनं ती पंगत कुणी उठवली न्हाय.

मग तू माज्याकडंच कामाला ऱ्हायलीस. डाव्या हातानं भाकरी शिकलीस. येका अंगाला जाड, येका अंगाला पापड. जैनब हसायची, "राजव्वा, तेरी रोटी लंगडाती क्या गे?" तू म्हणायचीस, पोटात जायला तिला कशाला पळाय पायजे. दुपारच्याला तू पंगतीच्या तोंडाशी बसायचीस, मांडीवर मुसळ घेऊन. नुसतं दाखवायला न्हवतं त्ये. येका पिल्याल्यानं येका पोरीच्या पदराला हात घातला हुता, तू बसल्या जाग्यावरनं त्याच्या नडगीवर घातलंस, हाड वाजलं. पोरीला म्हणलीस, तू जेव, आमटी गार होतीया.

किती वर्सं गेली. गिरणीचा भोंगा बंद झाला. दारूचं दुकान हितनं उठलं, तितं आता मोबाईलचं दुकान हाय. विडीवाल्या कमी झाल्या, आता युनिफॉर्म शिवणाऱ्या पोरी येत्यात, कॉलेजच्या येत्यात. फोनवर बगून लांबनं माणसं येत्यात, पेठंत कुटं खावं म्हून, आन् आमटीचं फोटू काढत्यात. त्यांना वाटतं आमटी लई जुनी हाय. आमटी जुनीच हाय, पण भिंतीकडं बायका बसून जेवत्यात ह्येचा फोटू कुणी काढत न्हाय. त्यांना त्ये सादं वाटतं. चांगलं हाय, सादंच वाटाय पायजे.

आन् मग येका दुपारी त्यो आला. दगडू. लकवा मारल्याला, तोंड वाकडं, काठीवर अंग टाकून. मानंवर माज्या आमटीचा डाग हुता, कातडं गोळा होऊन बसल्याला. दारूनं शरीर खाल्लं हुतं आन् पोरांनी घरातनं काढलं हुतं. बाकावर त्याला कुणी जागा देईना, तोंडातनं लाळ गळती म्हून. मी उलथनं उचललं. म्हातारपणी बी माजा हात हुता तसाच हुता. तू म्हणलीस, "ठेव अक्का." आन् त्याला हाक मारलीस. "इकडं ये. हितं बस."

भिंतीकडं. बायकांच्या पंगतीत. तुज्या शेजारी.

त्या दिवशी भांडी घासताना मी तुला जेवढं बोलले तेवढं सासूला बी बोलले न्हाय. तुजी बोटं मोडणाऱ्याला तू त्याच पंगतीत बसवतीस? तू राख घेऊन डाव्या हातानं पातेलं घासत ऱ्हायलीस. मग रोजच त्यो यायचा आन् रोजच तू त्याला वाढायचीस. मी येकदा बी वाढलं न्हाय. मी इचारायची, ही दया हाय का सूड हाय, येक काय ते सांग. दया असली तर तू येडी हायेस. सूड असला तर मला आदी का सांगितलं न्हाईस, मी बी मजेत बगितलं असतं. येकदा फक्त तू तोंड उघडलंस. म्हणलीस, "बायकांच्या पंगतीत खातोय न्हवं? रोज खातोय न्हवं?" आन् परत घासाय लागलीस. ह्ये काय उत्तर झालं, राजव्वा?

शेजारी बसणाऱ्या पोरींना काय ठावं नव्हतं. त्या त्याला मामा म्हणायच्या, पाणी द्यायच्या. तू त्यांना बी सांगायचीस, बाक पडला हुता म्हून. चौकीतलं खोटं तू मरस्तवर पाळलंस. शेवटाला तुला धाप लागायची, बोलवत नव्हतं, तरी मी तुज्या उशाशी बसून त्येच इचारलं. माज्यावानी कोडगी बाई मीच. तू माजा हात धरलास, डाव्या हातानं. मला सांगणार हुतीस का गप बस म्हणणार हुतीस, त्ये तुज्याबरोबर गेलं.

तू गेल्यावर खानावळ बंद ठेवली. मला रडू आलं न्हाय. चटणीचा पाटा भाईर फेकावा वाटलं, कुणाच्या तरी डोक्यात घालावा वाटलं. मग उघडली, कारण पोरी दारात येऊन परत जात हुत्या.

उघडली त्याच दुपारी त्यो आला. भिंतीला धरून धरून आपल्या जाग्यावर जाऊन बसला, तुज्या रिकाम्या जाग्याशेजारी. पोरींनी सरकून घेतलं. "राजव्वा कुटं हाय?" म्हणला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हणलं, गेली. त्यो ताटाची वाट बगत बसला.

मला आता अडवणारं कुणी नव्हतं, राजव्वा. आन् चौकीतलं खोटं सांभाळायचं बी कारण नव्हतं. माजी लेकरं म्हातारी व्हाय लागली, मला आता कोण तुरुंगात नेतंय. मी पळी हातात घेऊन पंगतीपुढं हुबी ऱ्हायले आन् समद्यांच्या देखत सांगितलं. बाक पडला नव्हता. ह्या माणसानं ह्याच जागी राजव्वाचा हात पाट्यावर ठेवून वरवंट्यानं ठेचला, कारण ती हितं बसून जेवत हुती. मानंवरचा डाग माजा हाय, त्यो बी बगून घ्या.

पोशव्वाची नात अनिता तितंच हुती, युनिफॉर्म शिवती ती. तिनं घास ताटात ठेवला आन् त्याच्याकडं वळली.

"मामा, खरं हाय का?"

त्याचं वाकडं तोंड लई येळ हललं. मला वाटलं त्यो बाकाचंच नाव घेतो का काय.

"व्हय," म्हणला.

तुला त्यो शब्द ऐकायचा हुता का न्हाय, मला ठावं न्हाय. मी मातर त्या शब्दापायी आयुष्य काढलं. आन् त्यो आला तर मला काय झालं, काय न्हाय. पळी तेवढी जड लागली.

अनिता म्हणली, "मग हितनं उठा. तिकडं बाकावर जावा. हितं आमी बसतो."

वरडून न्हाय म्हणली. बसमदी शीट मोकळं करा म्हणतात तसं म्हणली. त्यो उठला. कुणी हात दिला न्हाय. काठी टेकत, भिंत धरत त्यो बाकापर्यंत गेला, आन् बाकावरच्या माणसांना सरकावं लागलं. पंगतीतली येक बी पोरगी उठली न्हाय. समद्या परत जेवाय लागल्या.

मग मी त्याला ताट नेलं. माज्या हातानं, पयल्यांदा. चुरलेली भाकरी, वर आमटी, कारण त्याला आता चुरता येत न्हाय. तू भांडली असतीस, राजव्वा. म्हणली असतीस, मी बसवलं त्याला तू उठवलंस. व्हय, उठवलं. पोटाला मी त्याला देईन, तुज्यापायी, त्यो जगंल तवर. पण ती जागा देणार न्हाय. तू काय म्हणून दिली हुतीस त्ये मला कळालं न्हाय, आन् जे कळालं न्हाय त्ये माज्यानं पुढं चालवणं व्हायचं न्हाय. मी तू न्हवं. आता ह्यावर तुला काय बोलायचं असलं तर बोल.

आन् ह्ये वाचणाऱ्यांना माजं येवढंच मागणं हाय. आमच्या पेठंत दुपारच्याला जेवाय आलात आन् बाकं भरलेली दिसली, तर बाप्यांनी पायरीवर वाईच थांबा. भिंतीकडची पंगत मोकळी दिसली तरी तितं बसू नका. कुणीतरी बाई काम टाकून, भुकेली, येतच असती. तिला बसू द्या.